वासक्का आणि डागाचं पाणी

वासक्का कुणाच्या घरी गेली की आधी बसत नसे, आधी हुंगत असे. उंबऱ्यात उभी राहून नाक जरासं वर करायची, दोनदा श्वास ओढायची आणि मगच पाटावर टेकायची. आम्ही सोलापुरात गिरणीजवळच्या चाळीत नव्याने राहायला आलो, तेव्हा शेजारीण म्हणून ती पहिल्यांदा आली. तिने माझा पिठाचा डबा हुंगला, धाकट्याची टाळू हुंगली आणि मी पुढे केलेला चहा हुंगून तसाच परत केला. "दूध कालचं हाय," म्हणाली. दूध खरोखरच कालचं होतं, त्यामुळे मला तिचा जास्तच राग आला.

तिचं खरं नाव भागीरथी. चाळीतल्या पोरांनी तिचं 'वासक्का' केलं आणि तेच चालू झालं. हे नाव कुणी ठेवलं याचा तिने पुष्कळ तपास केला. तिचा पहिला संशय माझ्यावर, कारण मी मास्तरांची बायको, म्हणजे शब्द जोडणाऱ्या घरातली. दुसराही माझ्यावरच.

"डोळं फसत्यात, कान फसत्यात, नाक फसत न्हाय," असं ती म्हणायची. खरं सांगायचं तर तिचं नाक पुष्कळदा फसायचं. गवळ्याच्या दुधात तिला तळ्याचं पाणी लागायचं, नळाच्या पाण्यात गंज लागायचा, आणि आमच्या मास्तरांच्या कोटाला विडीचा वास येतो असं तिने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्या माणसाने जन्मात विडी ओढली नव्हती. बोलपट नवे आले तेव्हा आम्ही तिला एकदा घेऊन गेलो. खेळ संपला तरी ती उठेना. "बाई पडद्यावर हाय आन् आवाज हितं येतोय. म्हंजे मागं कोन तरी बसलंय. भाईर कदी येतंय ते बगते," म्हणाली. दिवे मालवले तेव्हा कुठे तिला हाताला धरून बाहेर काढता आलं.

या नाकामागे तिचा नवरा होता. त्याला शिंदीचं व्यसन. रोज संध्याकाळी तो घरात शिरला की आधी त्याचं तोंड हुंगायचं आणि मग पोराला कुठे लपवायचं ते ठरवायचं, अशी तिची कितीतरी वर्षं गेली. नवरा गेला, पण नाकाची सवय राहिली. माणूस हसत घरी आला की ती दोन पावलं मागे सरायची. "हसतंय म्हंजे कायतरी पोटात गेलंय," हे तिचं आणखी एक वाक्य. तिच्यादेखत हसायची आमची सगळ्यांचीच चोरी होती.

आपल्या पोरासाठी, महादूसाठी, मुलगी बघायला ती माढ्याकडच्या एका खेड्यात गेली, तेव्हा तिने मुलीला ना चालायला लावलं, ना काही विचारलं. जवळ बसवून तिचे केस हुंगले. "हिच्या केसास्नी भाजलेल्या जवारीचा वास येतोय. करू ही," एवढं बोलून उठली. ती मुलगी म्हणजे गौरा. सावळी, ठसठशीत, कामाला वाघीण. वासक्का तिचं कधी तोंडावर कौतुक करत नसे, पण रोज सकाळी वेणी घालताना तिचे केस हुंगायची आणि समाधानाने 'हं' म्हणायची. सासू-सुनेत याहून जास्त गोडवा मी त्या चाळीत पाहिला नाही.

महादू गिरणीत मागावर होता. गौरालाही त्याच गिरणीत काम मिळालं, घडीखात्यात, डाग काढायचं. मी तेव्हा गिरणीच्या पाळणाघरात बाई म्हणून लागले होते आणि ती डागाची खोली आमच्या भिंतीला लागूनच होती. मागावरून उतरलेल्या कापडावर तेलाचे काळे थेंब पडलेले असत. पूर्वी बायका साबण आणि खडू लावून घासत बसायच्या. मग साहेबाने एक पिंप आणवलं. त्यातलं पाणी बोळ्यावर घेऊन थेंबावर फिरवलं की तेल विरघळून निघून जाई आणि पाणीही बघता बघता उडून जाई. कापडावर ओलसुद्धा मागे राहत नसे. हाताला ते बर्फासारखं गार लागे. वास गोडसर, थोडा डांबराच्या जवळचा, पण वाईट म्हणवत नसे. साहेब त्याला बेंझॉल म्हणत, बायका डागाचं पाणी म्हणत.

खोलीत विडी-काडी न्यायला सक्त मनाई होती, कारण ते पाणी काडी नुसती दुरून दाखवली तरी भडकायचं. धोका तेवढाच, असं मुकादम सांगत असे. खिडक्या मात्र बंद, नाहीतर मागाकडचा कापूस उडून स्वच्छ कापडावर बसायचा. बायका जमिनीवर मांडी घालून, कापडाचा तागा मांडीवर घेऊन कामाला बसत. काम हलकं, बसून करायचं, घाम नाही. सगळ्या गिरणीला त्यांचा हेवा वाटे. दुपार कलली की त्या खोलीतून खिदळणं ऐकू यायचं. तिला नावच पडलं होतं, हसरी खोली. मला ते हसणं कधी आवडलं नाही. अंगावर पोर असलेल्या बायका दूध पाजायला माझ्याकडे यायच्या तेव्हा त्यांची पोरं तोंड फिरवायची. भुकेलेलं पोर आईपासून तोंड का फिरवतं, हा प्रश्न मला पडायचा.

गौरा पहिले काही महिने ठीक होती. मग एका संध्याकाळी ती भोंगा झाल्यावर घरी आली ती हसतच. उंबऱ्याला पाय अडखळला, हातातला डबा घरंगळत नळापर्यंत गेला, त्यावरही हसली. वासक्का चुलीपुढून उठली. सुनेची हनुवटी धरून तिने तोंड हुंगलं आणि तिचा चेहरा उतरला.

"शिंदी न्हाय ही," ती मला भिंतीपलीकडून ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली. "शिंदी मी वळकती. ही सायबाची दारू हाय. गोड हाय."

"आत्या, डागाच्या पान्याचा वास हाय त्यो," गौरा म्हणाली.

"पान्यानं कोन झुलतंय का? मला शिकवती व्हय?"

त्यानंतर रोज तेच. संध्याकाळी गौरा हसत यायची, मग डोकं धरून बसायची, भाकरीचा तुकडा तोंडात फिरवत राहायची. महादू बिचारा दोघींच्या मध्ये खांबासारखा उभा. शेवटी वासक्काने ताटलीत बेल आणि भंडारा आणून सुनेपुढे ठेवला. आमच्याकडे बेलभंडारा उचलला म्हणजे बोलणं संपलं; त्यावर खोटं बोलायची छाती कुणाची होत नाही. चाळ दारात गोळा झाली होती. वासक्काने शब्द सांगितले आणि गौराने ते तिच्यामागून म्हटले: "मी कसली बी नशा केली असंल, तर माजं रगत नासू दे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गौरा पुन्हा झुलत आली.

दारूपेक्षा हे फार भयंकर होतं. आता ती नुसती पिणारी राहिली नव्हती, देवापुढे खोटं बोललेली बाई झाली होती.  वासक्का फक्त मला म्हणाली, "सिद्देश्वराची गड्ड्याची जत्रा झाली की म्हायेरी धाडते. परत आनत न्हाय."  सुनेचे केस हुंगायचं तिने बंद केलं होतं.

आणि मग ते डाग उमटू लागले. गौराच्या दंडावर, मांडीवर, पाठीवर काळेनिळे. कुठे धडकली नाही, पडली नाही, तरी उमटायचे. मिश्री लावताना हिरड्यांतून रक्त यायचं आणि थांबायचं नाही. चेहऱ्याचा सावळा रंग जाऊन राखेसारखा झाला. चाळीत दोन तट पडले. अर्ध्या चाळीला संशय, की सासू दार लावून मारते. उरलेल्या अर्ध्या चाळीने बेलभंडाऱ्याची ताटली पाहिली होती. त्या बायका गौरा नळावर आली की आपली घागर बाजूला घ्यायच्या. सगळ्यांत वाईट म्हणजे गौरा स्वतः या दुसऱ्या तटात होती. पाळणाघराच्या पायरीवर बसून मला म्हणाली, "बाई, मी प्याले न्हाय. पर त्यो वास पोटात गेलाच की वो. म्हंजे नशा झालीच. शपत मोडली माजी. देवानं रगत नासवलं."  

वासक्काचं मन मात्र असं अर्धवट ठेवून झोपणारं नव्हतं. बाटली कुठे लपवतात आणि आणून कोण देतं, ते पकडायचंच असं ठरवून ती मुकादमाकडे गेली आणि त्याच खोलीत काम मागून घेतलं. सकाळी ती माझ्यासमोरूनच आत गेली. बसायच्या आधी तिने प्रत्येकीचा डबा हुंगला, प्रत्येकीचा पदर हुंगला. मुकादम हसून म्हणाला, "म्हातारे, हितं डाग काडायचं काम हाय, चोर धरायचं न्हाय." ती म्हणाली, "दोन्ही करते की."

दुपार कलली तेव्हा मी पोरांना झोपवत होते. दारात कुणीतरी आलं. बघते तर वासक्का. पदर खांद्यावरून घसरलेला, गाल लाल, आणि ती हसत होती. त्या बाईला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात जरा वाकडे होते, ते त्या दिवशी कळलं. ती पायरीवर बसली आणि चक्क ओवी म्हणू लागली, लहानपणी जात्यावर म्हटलेली असावी. मध्येच थांबली. ओंजळ तोंडापुढे धरून तिने आपलाच श्वास सोडला आणि हुंगला. पुन्हा सोडला, पुन्हा हुंगला. हसू अर्ध्यावर थिजलं.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "माज्या तोंडाला गौराच्या तोंडाचा वास येतोय. मी सकाळपास्नं पानी सुदिक प्याले न्हाय."

मी तिला धरून बसवलं. तिचं डोकं गरगरत होतं, पण नाक जागं होतं. "खाली बसलं की वास लई येतोय. उबं ऱ्हायलं की कमी. ते पानी वर जात न्हाय, बाई, खाली बसतंय. आन् आमी बी खालीच बसतोय." मग जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "म्हंजे पोरीची शपत खरी हुती. शपत खरी, तर देव कशाला रागावंल? मग तिच्या अंगावर हे कुनाचं हाय?"

तिचा संशय सुनेवरून उठला तो थेट पिंपावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गौराला घेऊन बायकांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी हिरड्या पाहिल्या, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, काय काम करतेस म्हणून विचारलं. बेंझॉलचं नाव ऐकताच त्यांनी लिहिता हात थांबवला. त्यांनी सांगितलं ते आम्हांला कळेल असं सांगितलं. ते पाणी जसं कापडातल्या तेलात शिरतं, तसंच श्वासातून आणि कातडीतून अंगात शिरतं. आधी डोकं हलकं होतं, हसू येतं, झोक जातो. ते मोकळ्या हवेत उतरतं. पण रोज रोज थोडं थोडं गेलं तर ते हाडांच्या आत पोचतं, जिथं रक्त तयार होतं, आणि ते तयार होणंच थांबवतं. सगळ्यांचं सारखं होत नाही, एखादीला लवकर लागतं. "काम आजपासून बंद. बंद केल्यावर काहींचं रक्त परत भरतं," बाई म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी वासक्काकडे बघून सांगितलं नाही. "काहींचं नाही भरत."

वासक्काने सुनेची माफी मागितली असं कुणी समजू नये. तिला ते येत नव्हतं. घरी आल्यावर तिने गौराला समोर बसवलं, वेणी सोडली आणि किती दिवसांनी केस हुंगले. मग शिकेकाईने धुतले, पुन्हा हुंगले. "पिपाचाच वास येतोय अजून," म्हणाली आणि पुन्हा धुतले. स्वतः ती गिरणीत परत गेली, कामाला नव्हे. डागाच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली, दार लावू देईना. आतल्या बायकांना ओरडून सांगे, "बाकावर बसा गं, भुईवर बसू नगा! हात धुवून पोरास्नी घ्या! दात दावा बगू!" बायकांना ती कटकट वाटे. बसून करायचं काम पुन्हा कुठे मिळणार? "आमाला कुटं काय झालंय? तुजी सून पापी हाय, त्येला आमी काय करावं," असं त्यांनी तिला तोंडावर सुनावलं. चौथ्या-पाचव्या दिवशी मुकादमाने तिला फाटकाबाहेर काढलं.

घरी गौरा झुरत होती. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी तिला पुन्हा पुन्हा सांगे, ती मान हलवी आणि भिंतीकडे तोंड करी. तिला मरणाची भीती नव्हती. देवाने टाकल्याची भीती होती. वासक्काने तो बेलभंडारा परत सिद्धेश्वराच्या पायरीवर ठेवला, नवस बोलली, काही उपयोग झाला नाही. ते शब्द तिनेच सुनेच्या तोंडी घातले होते, आणि नेमके तेच खरे झाले होते.

एका सकाळी नळावर बायकांची गर्दी होती. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "बेलभंडारा उचलून खोटं बोलली, देवानं अंगावर उटवलं." दार उघडं होतं, आत गौरा ऐकत होती. वासक्का घरात गेली आणि बाहेर आली ती हातात ताटली घेऊन. ताटलीत बेल आणि भंडारा. नळाच्या कट्ट्यावर तिने ताटली ठेवली. 

"ऐका गं समद्या," ती म्हणाली. "तिच्या अंगावरचं काळंनिळं देवाचं न्हाय. मी मारते तिला. रोज मारते. खोटं असंल तर माजं रगत नासू दे." आणि तिने बेलभंडारा उचलला.

नळ तसाच वाहत राहिला. मी पुढे झाले, तोंड उघडलं, तर तिने डोळ्यांनीच मला मागे सारलं. आमच्या दोन खोल्यांमध्ये एक पातळ भिंत होती. त्या घरात भांडं पडलं तरी मला कळायचं. त्या बाईने सुनेवर कधी हात उगारला नव्हता.

मी तिच्यामागोमाग आत गेले. गौरा उठून बसली होती, डोळे मोठे झालेले. "आत्या, तुमी खोटी शपत घेतली!"

"घेतली," वासक्का म्हणाली आणि तिच्याजवळ भुईवर बसली. "आता बगत ऱ्हा. माजं रगत नासतंय का बग. रोज सकाळी मी तुला दात दावते. माजं नासलं न्हाय, म्हंजे तुजं बी शपतंनं नासल्यालं न्हाय. कळलं का?"

"आन् नासलं तर?"

"तर दोगी मिळून जाऊ. तुला एकलीला का जाऊ दीन?"

मी पुष्कळ देवभोळी माणसं पाहिली आणि देव न मानणारीही पाहिली. देवावर इतका विश्वास असताना त्याच्याशी असा सौदा करणारी ती एकच. ती खरोखर घाबरलेली होती. रात्रीचं जेवण तिला जात नसे, हे मला महादूने सांगितलं. आणि तरी रोज सकाळी ती सुनेपुढे बसून ओठ वर करायची. गौरा वाकून हिरड्या बघायची. गुलाबी, घट्ट. "हायत की बऱ्या," म्हणायची. पहिले काही दिवस भीत भीत, मग जरा हसून. तिच्या तोंडावरची ती काळजी हळूहळू उतरत गेली. भिंतीकडे तोंड करून झोपायची ती दाराकडे तोंड करून झोपू लागली.

रक्त भरलं नाही. सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या काठ्यांची मिरवणूक निघाली त्याच आठवड्यात गौरा गेली. जायच्या आदल्या सकाळी वेणी घालताना वासक्काने तिचे केस हुंगले आणि मला हाक मारली. "मास्तरीणबाई, आली गं! जवारी आली!" तिचे डोळे चमकत होते. गौरा हसली. मीही वाकून हुंगलं. मला शिकेकाईखेरीज काही कळलं नाही, पण मी हो म्हटलं.

त्यानंतर वासक्का चाळीत 'सून मारणारी' झाली. बायका तिच्या हातचं पाणी घेईनात. कुणी तिच्यामागे थुंके. मी तिला म्हटलं, "अक्का, खरं सांगून टाका." तर म्हणाली, "खरं पटवावं लागतंय, बाई. खोटं लगीच पटतंय. ऱ्हाऊ दे." महादूला दुसरी मुलगी कुणी देईना, घरात अशी सासू म्हणून. तेव्हा तिने आपलं गाठोडं बांधलं आणि गावाकडे निघाली, पोराचं घर मोकळं करून.

टांगा उभा होता. निरोपाला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तिने माझा हात हातात घेतला आणि नाकाशी नेला. "तुमच्या हाताला खरं सांगायचा वास येतोय," ती म्हणाली. "मी हाय तवर गप ऱ्हायचं. पोरीचं नाव सोच्छ हाय, तसंच ऱ्हाऊ दे." टांगेवाल्याच्या तोंडाचाही तिने वास घेतला आणि मगच वर चढली.

ती पुढे पुष्कळ वर्षं जगली. शेवटपर्यंत तिचे सगळे दात शाबूत होते, असं महादूने मला सांगितलं. ती गेली आहे, म्हणून आज सांगते: वासक्काने गौराला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.